खरी नावं घालून वाचा

पहिली लाथ दारावर बसली तेव्हा मी पोह्यांवर कोथिंबीर घालत होते. वाटलं, गॅसवाला असेल. तो आमच्याकडे असाच येतो, दार उखडून न्यायला आल्यासारखा. "आले, आले! दम आहे की नाही जरा?" म्हणत मी कडी काढली, तसा मला भिंतीवर ढकलून इंद्रजीत आत घुसला. इंद्रजीत म्हणजे माझ्या थोरल्या दिरांचा मुलगा. चिंचोळी एमआयडीसीत कारखान्यांना माणसं पुरवतो. त्याच्या हातात मेंढक्याची काठी होती, खालच्या टोकाला लोखंडी कडं बसवलेली. त्याच्या मागून थोरले दीर आले, मल्हारदादा. त्यांनी चपला काढून उंबऱ्याबाहेर नीट जोडून ठेवल्या, फेटा सावरला आणि खुर्चीवर बसले.

"मथुरा, पानी दे गं," ते मला म्हणाले.

मारायला आलेला माणूस चपला काढून येतो आणि वर पाणी मागतो! आणि मी मूर्ख, दिलंही.

आमचे सर आतल्या खोलीतून आले. सर म्हणजे माझे यजमान, प्राध्यापक बिरप्पा बंडगर. कवी, कादंबरीकार आणि समीक्षक. सगळं सोलापूर त्यांना सर म्हणतं, म्हणून मीही म्हणते. त्यांच्या उजव्या हातात पेन होतं. कुणाच्या तरी पुस्तकाची चामडी सोलायचं काम सकाळपासून चाललं होतं.

इंद्रजीतनं शर्टात खोचलेलं पुस्तक काढलं आणि सरांच्या छातीवर फेकून मारलं. 'सामाईक'. सरांची नवी कादंबरी. बाजारात येऊन जेमतेम पंधरवडा झाला होता.

"ह्ये काय लिवलंय, अप्पा?"

"कादंबरी आहे."

"कादंबरी? हीर आपली, रान आपलं, बाटली आपल्या आज्याची, आनि कादंबरी? पानाचा फोटू गावाच्या ग्रुपवर फिरतोय! माझ्या पोरीचं जमलंय आत्ताच. सोयऱ्यांचा फोन आला, म्हनं तुमचा बाप खुनी हाय का वो?"

"तुझ्या वडलांचं नाव आहे का त्यात कुठं? त्यातला माणूस संभा आहे."

मल्हारदादांनी पाणी संपवलं, पेला खाली ठेवला आणि मिशा पुसल्या.

"बिरप्पा, भंडारा उचलला हुतास का न्हाय?"

"उचलला होता, दादा."

"बोलनार न्हाय म्हनला हुतास."

"मग बोललो कुठं? लिहिलंय."

मी माहेरची करकंबची, उसात वाढलेली. भंडारा उचलणं म्हणजे काय ते मला लग्नानंतर कळलं. बिरोबाच्या पुढ्यातली हळद, म्हणजे भंडारा, मुठीत घेऊन माणूस जे बोलेल ते त्याने मरेपर्यंत पाळायचं. माझ्या सासरची माणसं तलाठ्याशी खोटं बोलतील, कोर्टात बोलतील, बायकोशी तर रोज बोलतील. हातात भंडारा असताना नाही बोलणार. आणि हा माझा नवरा, एवढा शिकलेला, त्यातून पळवाट काढून बसला होता. बोललो नाही, लिहिलं म्हणे! लेखकाशिवाय दुसऱ्या कुणाला असली अक्कल सुचायची नाही.

इंद्रजीतला ती पळवाट कळली असावी, कारण तो हसला. "लिवलंय न्हवं? मंग लिवनारा हात आना हिकडं," म्हणाला आणि सरांचं मनगट धरून टेबलावर दाबलं. काठी वर गेली. मी ओरडेपर्यंत ती खाली आली होती. हाडाचा आवाज मी ऐकला. दुसऱ्यांदा काठी वर गेली तेव्हा मी गॅसवरची कढई उचलली आणि पोह्यांसकट त्याच्या पाठीत घातली. तो बोंबलला. मी आणखी एक घातली, डोक्यात. रक्त आलं. मला बरं वाटलं, कशाला खोटं बोलू?

"बास," मल्हारदादा म्हणाले. उठले, बाहेर जाऊन चपला घातल्या आणि मुलाला घेऊन चालते झाले.

सर जमिनीवर बसले होते. मनगटाच्या वर हात भलत्याच ठिकाणी वाकला होता. तोंडातून ब्र नाही.

दवाखान्यात हाड बसवताना मात्र ते गुरासारखे ओरडले. प्लॅस्टर झाल्यावर एक हवालदार आला. चांगला माणूस होता. कॉलेजात सरांचाच विद्यार्थी.

"सर, कुणी केलं हे? नाव सांगा फक्त."

सर छताकडे बघत म्हणाले, "जिन्यावरून पडलो."

आमच्या घराला जिनाच नाही! बैठं घर आहे, जुळे सोलापुरात, मागे पेरूचं झाड आहे, बस. मी हवालदाराकडे बघितलं, हवालदाराने माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात सरांनी डाव्या हाताने माझा पदर धरला. भर दवाखान्यात नवऱ्याशी भांडायची मला लाज वाटली नसती, पण त्या धरण्यात एवढी गयावया होती की माझं पाणी पाणी झालं. मी गप्प बसले आणि घरी येऊन भांडले.

"पडलो काय, पडलो? तुमच्या गावात सगळे पडतातच का हो? तो शिवूही पडलाच होता ना?"

 ते नाव ऐकून त्यांचा चेहरा असा झाला की मला माझीच जीभ चावावीशी वाटली.

तर आता शिवूचं सांगायला हवं, आणि त्याआधी सरांचं.

सरांचं साहित्यिक चरित्र लिहायला बरेच जण आमच्याकडे येऊन गेले. मला कुणी विचारलं असतं तर मी ते त्यांच्या अंगावरून सांगितलं असतं. कपाळावर डावीकडे टाके आहेत ना, ते एका कवीने घातलेले. सांगोल्याच्या माळावरचा मेंढक्याचा मुलगा पहिल्याच कवितासंग्रहाने गाजला, सोलापुरात प्राध्यापक झाला, दोन कादंबऱ्यांना बक्षिसं मिळाली, इथवर सगळं ठीक होतं. मग ते समीक्षा लिहायला लागले आणि आमच्या घराच्या काचा फुटायला लागल्या. त्या कवीच्या प्रकाशन समारंभाला सर पाहुणे. माइक हातात घेऊन म्हणाले, "हा कवी रडतो, पण त्याला कुणी रडवलं ते सांगत नाही. 'ते आले, त्यांनी मारलं.' ते म्हणजे कोण? नाव घ्या! ज्याला नाव घ्यायची भीती वाटते त्याने किराणा दुकानात पुड्या बांधाव्यात." कवीने समोरचं स्मृतिचिन्ह उचललं आणि सरांच्या कपाळात हाणलं. पितळी होतं. सरांनी ते परत दिलं नाही, अजून आमच्या शोकेसमध्ये आहे.

डाव्या डोळ्याला कमी दिसतं ते शाईमुळे. एका पुढाऱ्याच्या आत्मचरित्रावर लिहिलं तेव्हा सभागृहाच्या दारात त्याच्या माणसांनी बाटली ओतली, लाथा घातल्या, बरगडी मोडली. सर दवाखान्यातून दुसरा लेख सांगत होते, मी उतरवून घेत होते. "यांनी फेकलेल्या शाईत यांच्या पुस्तकापेक्षा जास्त सत्य आहे," असलं काहीतरी. मला हसू येत होतं.

नाव घ्या. हे त्यांचं एकच म्हणणं. विद्यार्थ्यांना, कवींना, मला. मी शाळेत शिकवायचे तेव्हा मुख्याध्यापकांबद्दल कुरकुर केली तरी म्हणायचे, "मोघम बोलू नकोस. कोण, ते सांग." असा माणूस. म्हणून संस्कृती नावाच्या मुलीने लिहिलं ते त्यांना झोंबलं.

संस्कृती त्यांच्याच पुस्तकांवर पीएच.डी. करत होती. गुणी पोर. घरी यायची, माझ्या हातची शेंगापोळी खायची, सरांशी वाद घालायची. तिने एका मासिकात लेख लिहिला. त्यातलं एवढं मला आठवतं: बंडगर सरांच्या प्रत्येक पुस्तकात एक विहीर येते, प्रत्येक वेळी गोष्ट तिच्या काठापर्यंत जाते आणि मागे फिरते, इतरांना नाव घ्या म्हणणारे सर तिथे कुणाचं नाव टाळतात?

सरांनी मासिक भिंतीवर फेकलं. मग पेला फेकला. मग खुर्ची उचलून टीव्हीत घातली. "कार्टी!" म्हणाले. "काल लिहायला शिकली आणि मला शिकवते!" मी म्हटलं, टीव्ही कुणाचं नाव घेत होता म्हणून फोडलात? त्यावर ते भिंतीला टेकून खाली बसले आणि ढसाढसा रडले. आमचं लग्न झाल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी 'सामाईक' लिहायला घेतली.

त्यात काय होतं ते मला नवऱ्याने सांगितलं नाही. मी प्रूफं तपासताना वाचलं. माझ्या स्वयंपाकघरात बसून, कुकरच्या शिट्ट्या ऐकत.

सर कॉलेजात शिकत असतानाची गोष्ट. दुष्काळ. माळावर भावकीची सामाईक विहीर होती आणि पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. मल्हारदादांनी दुसऱ्याच्या पाळीत आपली मेंढरं पाण्यावर घातली. दुसरा म्हणजे शिवू, यांचा चुलत भाऊ. बाचाबाची झाली. मल्हारदादांनी कुऱ्हाड उलटी धरून तुंब्याचा, म्हणजे बोथट बाजूचा, घाव शिवूच्या डोक्यात घातला. एकच. शिवू जागीच गेला. माझे सासरे धावत आले, त्यांनी मेलेल्या माणसाच्या तोंडावर आणि सदऱ्यावर दारूची बाटली ओतली आणि त्याला विहिरीत ढकललं. मग सगळ्यांना बिरोबाच्या देवळात नेलं आणि एकेकाकडून भंडारा उचलून घेतला. सरही त्यात होते. शिवू दारू पिऊन विहिरीत पडला, असं झालं. पोलिसांनी तेच लिहिलं, गावाने तेच म्हटलं.

शिवूची बायको गोजाबाई तेव्हा पोटुशी होती. सगळा जन्म ती दारुड्याची बायको म्हणून जगली. लग्नकार्यात बायका तिला बघून पदराआड बोलायच्या. तिच्या पोरींच्या सोयरिकी त्याच पायी मोडल्या. मीही तिला ओळखायचे ती तशीच, शिवू पिऊन मेला त्याची बायको. प्रूफं वाचून झाल्यावर मी सरांसमोर ती आपटली आणि म्हटलं, "जाऊन तिला सांगा." सर म्हणाले, "भंडारा उचललाय गं. बोलता येत नाही. पण आता छापून येईल, सगळ्यांना कळेल." आणि त्यांना ते खरंच वाटत होतं. हात मोडून घेतल्यावरही वाटत होतं.

त्या मारहाणीनंतर महिना उलटला असेल. भर दुपारी, सोलापूरचं ऊन म्हणजे काही बोलायलाच नको, दारावर थाप पडली. मी आता साखळी लावूनच दार उघडत असे. फटीतून बघितलं तर गोजाबाई! डोक्यावर पदर, कपाळ मोकळं, बगलेत कापडी पिशवी.

"गोजाक्का! एवढ्या उन्हाच्या? एकट्याच?"

"येष्टीनं आले. भावजी हायत न्हवं घरात?"

मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. पाणी घेतलं नाही तिनं. सर कॉटवर बसले होते, हात गळ्यात अडकवलेला. उठायला लागले तशी गोजाक्का म्हणाली, "बसा." पिशवीतून तिनं 'सामाईक' काढलं, कॉटवर ठेवलं आणि स्वतः खाली जमिनीवर बसली.

"आमच्या मालकाचं तुमी काय लिवलंय म्हनं. वाचून दावा."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. मला तेव्हा कळलं, आणि त्यांनाही तेव्हाच कळलं असणार, की जिच्यासाठी लिहिलं तिला अक्षर येत नाही.

"वहिनी, सोनाली आहे की तुमची नात. शिकलेली आहे. तिनं नाही वाचलं?"

"ती वाचाय बसली हुती. मी म्हनलं, मीट. ज्यानं लिवलं त्यानं माझ्या तोंडावर वाचावं."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिले. पळायचं असेल तर एकट्याने पळा, म्हटलं मनात.

त्यांनी पान काढलं. डाव्या हाताने धरलं आणि वाचायला लागले. सरांचा आवाज म्हणजे काय विचारता, संमेलनात मागच्या रांगेतला माणूस उठून बसायचा. तोच आवाज लावला. "'नामा काठावर आला तेव्हा विहिरीचा तळ दिसत होता...'"

"ह्यो नामा कोन?"

"म्हणजे... तुमचे मालकच, वहिनी. कादंबरीत नावं बदलावी लागतात."

"का?"

या 'का'वर सरांनी दोन तास व्याख्यान दिलेलं मी ऐकलं आहे. पुण्याला. हार घातला होता लोकांनी. आता एक शब्द सुचेना.

"आमच्या मालकाचं नाव नामा न्हवतं," गोजाक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "दुसऱ्या कुनाचं कशाला ऐकू मी? खरी नावं घालून वाचा."

  सरांनी पुन्हा सुरुवात केली आणि या वेळी व्यासपीठाचा आवाज नव्हता. "'शिवू काठावर आला तेव्हा विहिरीचा तळ दिसत होता. त्याची मेंढरं तान्हेली होती...'" ते नाव ऐकताच गोजाक्काने पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली. सर वाचत राहिले. पाळीचं भांडण आलं. शिवूचं बोलणं आलं, "माझी जनावरं मरायला लागली, दादा, एवढी पाळी दे." शिवू तसंच बोलला असणार, कारण गोजाक्काच्या खांद्यांना हिसका बसला. आणि सर अडले. पुढचा शब्द 'संभा' होता. मला ते पान पाठ होतं.

तेवढ्यात दार वाजलं.

साखळीच्या फटीत मल्हारदादांचा फेटा आणि त्यांच्यामागे इंद्रजीत. गोजाबाई सोलापूरच्या गाडीत बसली हे गावाने बघितलं होतं, गावाने फोन केला होता. मी दार लोटणार होते, पण गोजाक्का आतूनच म्हणाली, "येऊ द्या त्यास्नी. मी हाय की."

मी सुरी हातात घेतली आणि साखळी काढली.

या वेळी काठी नव्हती. मल्हारदादांनी चपला काढल्या आणि त्याच खुर्चीवर बसले. गोजाक्काने त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"म्होरं," ती सरांना म्हणाली.

"अप्पा, याद राखा," इंद्रजीत म्हणाला.

सरांचे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता.  आयुष्यभर लोकांना नाव घ्या, नाव घ्या म्हणून बोंबलणारा माझा नवरा, आणि एका नावापाशी त्याची वाचा बसली होती. मला इतकी चीड आली, इतकी दया आली! "वाचा!" मी ओरडले. "वाचा, नाहीतर फाडून टाका ते पुस्तक!"

"'मल्हारनं,'" सर म्हणाले. "'मल्हारनं कुऱ्हाड उलटी धरली...'"

इंद्रजीत कॉटवर झेपावला. सरांची मान धरून त्याने डोकं भिंतीवर आपटलं. एकदा, दोनदा. पुस्तक खाली पडलं. तोंडावर ठोसा बसला, ओठ फाटला, रक्त सदऱ्यावर आलं. मी सुरी वापरली नाही, कशी नाही वापरली देव जाणे. त्याच्या दंडाला चावले आणि केस धरून मागे ओढलं. त्याने मला झटकलं, मी शोकेसवर आदळले, काच फुटली. शेजारचे बसलिंगप्पा आणि त्यांची सून दारात आली, त्यांच्यामागे आणखी कोण कोण. आणि या सगळ्या गदारोळात सर बोलत होते. पुस्तकाविना. त्यांचं पुस्तकी मराठी कुठल्या कुठे गेलं होतं, गावाकडचं बोलत होते, रक्ताची थुंकी उडत होती.

"मल्हारदादानं मारला त्याला! तुंब्यानं! येकच घाव, वैनी, जागीच गेला तो. शिवूदादा प्याला न्हवता. आमच्या बानं मेल्यावर बाटली वतली त्याच्या तोंडावर. मी बघितलं. मी हुतो तितं. म्या हुतो!"

इंद्रजीतची मूठ पुन्हा वर गेली.

"ए!" गोजाक्का उठून उभी राहिली. एवढीशी म्हातारी, पण त्या आवाजाने मूठ वरच राहिली. तिनं कमरेची चंची काढली, दोरी सोडली आणि तळहातावर भंडारा ओतला. पिवळाधमक. तो हात तिनं मल्हारदादांच्या पुढे धरला.

"उचला, मल्हार भावजी. उचला आनि म्हना, शिवू पिऊन पडला."

तिनं नवऱ्याचं नाव घेतलं. भर लोकांत. मल्हारदादांचे डोळे वर आले.

"उचला की, आबा!" इंद्रजीत म्हणाला. "म्हना आनि मोकळं व्हा! आबा!"

मल्हारदादांचा हात पुढे आला. बोटं भंडाऱ्याच्या वर थांबली.  त्यांनी एवढी वर्षं तोंड मिटून पाळलं होतं, पण भंडारा हातात घेऊन खोटं बोलायला त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

"न्हाय," ते म्हणाले.

"काय न्हाय?"

"प्याला न्हवता."

"मोठ्यांदा सांगा. दारात मानसं हायत."

मल्हारदादांनी फेटा काढून हातात घेतला. "शिवू प्याला न्हवता," ते दाराकडे बघून म्हणाले. "कदी थेंब घेतला न्हाई त्यानं. म्या मारला त्याला."

इंद्रजीत खाली बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. बसलिंगप्पांनी आधीच पोलिसांना फोन केला होता. मल्हारदादा खुर्चीवर बसून राहिले, उठायची घाई त्यांनी केली नाही.

गोजाक्काने हातातला भंडारा चंचीत परत घातला, सांडू न देता. बोटाला लागलेला कपाळाला लावला. मग मला विचारलं, "सांगोल्याची गाडी मिळंल का गं आता?"

"अक्का, थांबा की. चहा तरी. पोलीस येतील, तुमचाही जबाब घेतील."

"त्यास्नी घर ठावं हाय माझं. तवा आले हुते की." तिनं पिशवी उचलली. दारातली माणसं बाजूला झाली, तिनं कुणाकडे बघितलं नाही.

ती गेल्यावर सरांनी फाटक्या ओठांनी मला हाक मारली. "मथुरा, पुस्तक. पुस्तक राहिलं त्यांचं." खाली पडलेलं 'सामाईक' त्यांना दिसलं होतं. "दे पळत जाऊन. पुढे त्यांच्यावर लिहिलंय सगळं. निम्मं पुस्तक त्यांचंच आहे. सोनालीकडून ऐकतील. दे ना!"

मी अनवाणी धावले. कोपऱ्यावर ती रिक्षात बसत होती. मी पुस्तक पुढे केलं, तापलेल्या डांबरावर एक पाय उचलत, एक टेकवत.

"अक्का, हे राहिलं. पुढचं सगळं तुमच्यावरच आहे म्हणाले."

तिनं पुस्तकाकडे बघितलं, माझ्या पायांकडे बघितलं.

"म्होरलं मला ठावं हाय की," ती म्हणाली. "म्होरलं मीच जगले. तू जा आत, पाय भाजत्याल."

रिक्षा गेली. मी परत आले तर सर कॉटवर तसेच बसलेले, डोळे दाराला लागलेले. हनुवटीवरचं रक्त सुकायला लागलं होतं.

"घेतलं?"

मी या माणसाशी आयुष्यात भांडले, त्याला नाही नाही ते बोलले, पण खोटं कधी बोलले नव्हते.

"घेतलं," म्हटलं. "छातीशी धरून गेल्या." आणि पदराखालचं पुस्तक तसंच दाबून धरून कापूस आणायला आत गेले.